नवरा पुण्यात, बायको बर्लिनमध्ये : इरावती कर्वे यांची दोन वर्षे (१९२८–१९३०)

१/
नोव्हेंबर १९२८. पुण्यातील रसायनशास्त्राच्या एका अध्यापकाची बावीस वर्षांची पत्नी डॉक्टरेटसाठी जर्मनीला निघाली. नवरा विलायतेत आणि बायको घरी त्याच्या पत्राची वाट पाहत आहे, हे चित्र तोवर मराठी समाजाच्या चांगलेच परिचयाचे झाले होते. येथे मात्र जागांची अदलाबदल झाली होती. निघाली होती ती इरावती कर्वे आणि मागे राहिले होते ते दिनकर धोंडो कर्वे.

२/
इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी ती शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत आली. शकुंतला परांजपे ही तिची शाळासोबतीण. तिच्यामुळे रँग्लर परांजपे यांचे ग्रंथांनी भरलेले घर इरावतीचे दुसरे माहेर झाले.

३/
फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञानात बी. ए. झाल्यावर मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास आरंभिला. दिनकररावांशी विवाह झाला तो याच काळात. चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधास १९२८ साली एम. ए. ची पदवी मिळाली. पुढचा टप्पा परदेशाचा होता.

४/
सासर कोणते, हेही लक्षात घ्यावयास हवे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला होता आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले होते. अशा घरातून सुनेच्या उच्च शिक्षणाला विरोध होईल, असे कोणास वाटणार नाही. परंतु विरोध झाला, आणि तो खुद्द महर्षींकडून झाला. सुनेला जर्मनीस धाडण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता.

५/
सुधारकांच्या इतिहासात असे क्षण वारंवार भेटतात. एक पिढी जेथवर रस्ता बांधते, तेथेच तिची स्वतःची कुंपणेही उभी असतात. स्त्रीने शिकावे, हे महर्षींनी आयुष्यभर सांगितले. विवाहित स्त्रीने संसार मागे ठेवून हजारो मैलांवर एकटीने शिकावे, ही पुढच्या पिढीची गोष्ट होती.

६/
दिनकररावांनी वडिलांचे ऐकले नाही. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राचे डॉक्टर झाले होते, त्यामुळे तेथील विद्यापीठात काय मिळते याचा त्यांना अनुभव होता. प्रश्न पैशाचा होता. तो सुटला कर्जाने. हे कर्ज दिले काँग्रेसचे कार्यकर्ते डॉ. जीवराज मेहता यांनी, जे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

७/
येथे आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा शिक्षणाचा आग्रह प्रथम पतीचा होता आणि पत्नीने तो आपलासा केला. पंचेचाळीस वर्षांनंतर चित्र बदलले होते. विषय इरावतीबाईंचा होता, आणि पतीने त्यांची वाट मोकळी करून दिली. या दांपत्याच्या प्रेमाची खूण शोधायची तर ती या कर्जाच्या व्यवहारात आणि दोन वर्षांच्या विरहात शोधावी लागते.

८/
जर्मनीच का? तेथील विद्यापीठांचा दबदबा मोठा होता, आणि तो देश इंग्रजांचा नव्हता, हे आकर्षणही लहान नव्हते. झाकीर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिनमध्येच डॉक्टरेट मिळवली होती. राममनोहर लोहिया १९२९ साली तेथे दाखल झाले. त्याच सुमारास इरावतीबाईंची मैत्रीण शकुंतला केंब्रिजमध्ये गणित शिकत होती. हुजूरपागेच्या दोन मुली एकाच वेळी युरोपात विद्यार्थिनी होत्या!

९/
परदेशी विद्यार्थ्याची पहिली परीक्षा भाषेची. व्याख्याने जर्मनमध्ये, ग्रंथ जर्मनमध्ये, आणि प्रबंधही जर्मनमध्येच लिहावयाचा. दुसरी परीक्षा अंतराची. बोटीने जाणाऱ्या पत्रास दोन-तीन आठवडे लागत. बर्लिनमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे पुण्याहून उत्तर येईपर्यंत महिना उलटून जाई, आणि तोवर प्रश्नच जुना झालेला असे.

१०/
त्यांचे अभ्यासस्थान होते बर्लिनच्या डाहलेम भागातील मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. १९२७ साली ती स्थापन झाली. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत १९०८ साली मिश्रवंशीय लोकांचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळवले होते. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता.

११/
फिशर यांच्या मते गोरे युरोपीय इतरांहून अधिक तर्कनिष्ठ, म्हणून श्रेष्ठ होते. त्यांचा तर्क असा : या बुद्धीमुळे युरोपीयांच्या मेंदूच्या पुढील भागाची उजवी बाजू अधिक वाढत असावी, आणि त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसावी. इतर वंशांच्या कवट्यांत ही विषमता दिसू नये. हा तर्क तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

१२/
या प्रसंगातील विसंगती पाहावी. ज्या सिद्धान्तानुसार स्वतः इरावतीबाई कनिष्ठ ठरत होत्या, त्याचाच पुरावा गोळा करण्याचे काम त्यांच्या हाती होते. संस्थेच्या संग्रहात जर्मनीच्या पूर्वीच्या वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. जिवंतपणी ज्यांना कोणी विचारले नाही आणि मृत्यूनंतरही ज्यांची संमती घेतली गेली नाही, अशा माणसांचे ते अवशेष होते.

१३/
इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचे अंतर. आकड्यांची रांग आणि मग तुलना. हे काम अत्यंत कंटाळवाणे, आणि तितकेच निर्णायक. त्यात अनुमानाला वाव थोडा, कारण मोजपट्टीवर जो आकडा येईल तोच लिहावा लागतो.

१४/
आकड्यांनी स्पष्ट उत्तर दिले. कवटीची विषमता सर्वच वंशांत आढळत होती. वंशाशी तिचा संबंध दिसत नव्हता. आता प्रश्न शास्त्राचा उरला नाही, धैर्याचा झाला. कर्ज काढून आलेली परदेशी विद्यार्थिनी, मागे सासऱ्यांची नाराजी, आणि पदवी ज्यांच्या हाती ते मार्गदर्शकच त्या तर्काचे जनक. आकडे थोडे सौम्य करून मांडले असते, तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

१५/
त्यांनी निष्कर्ष जसा होता तसाच लिहिला. ‘मानवी कवटीची स्वाभाविक विषमता’ हा तो प्रबंध. त्याला उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी मिळाली. पण पदवी मिळाली! १९३० साली डॉ. इरावती कर्वे मायदेशी परतल्या.

१६/
मागे राहिलेल्या बर्लिनचे पुढे काय झाले, ते सर्वज्ञात आहे. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला १२ जागा होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये त्या १०७ झाल्या. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची संस्था नाझी वंशधोरणाची शास्त्रीय आधारशिला बनली, आणि युद्धकाळात आउश्वित्झच्या छळछावणीतून मानवी अवशेष तेथे पाठवले गेले.

१७/
पुण्यात मात्र निराळाच संसार उभा राहिला. घरात ते ‘दिनू’ आणि त्या ‘इरू’. पतीचे नाव उच्चारणेही जेथे अशिष्ट मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे. आणि दैवाचा खेळ असा, की १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी प्रशासनाचे काम केले ते सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात. ज्या प्रवासाला महर्षींचा विरोध होता, त्याचे फळ त्यांच्याच संस्थेला मिळाले.

१८/
१९३९ पासून डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी झाली. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. एक गोष्टही नोंदवावयास हवी : माणसे मोजण्याची बर्लिनची पद्धत इरावतीबाईंनी सोडली नाही. महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरमापने त्या पुढेही घेत राहिल्या, आणि आजचे अभ्यासक त्याबद्दल त्यांना प्रश्न विचारतात. गुरूचा निष्कर्ष नाकारणे एक, आणि गुरूने हाती दिलेले साधन टाकून देणे दुसरे.

१९/
तरीही त्या दोन वर्षांत दोन नकार दिले गेले, हे विसरता येत नाही. पुण्यात मुलाने वडिलांना दिलेला नकार आणि बर्लिनमध्ये विद्यार्थिनीने गुरूला दिलेला नकार. दोन्ही वेळी समोरची व्यक्ती वयाने, मानाने आणि अधिकाराने मोठी होती. पहिला नकार दिला गेला नसता, तर दुसरा देण्यासाठी इरावतीबाई त्या प्रयोगशाळेत पोहोचल्याच नसत्या.

(समाप्त)