अंगणवाडीची नोंदवही

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल टिटवाळा मागे टाकून भातसा नदीकाठच्या खडवलीला येते. कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला. पुढे शिकलेल्या मुलींना याच गाडीने कल्याण-ठाण्याच्या नोकऱ्या गाठता आल्या. पण तान्हे मूल कोणापाशी ठेवायचे, हा प्रश्न गाडीने सुटणारा नव्हता. स्त्रियांच्या रोजगाराचा इतिहास सांगताना आपण शाळा, टंकलेखन, संगणक यांची नोंद घेतो. पाळण्याची घेत नाही.

या प्रश्नाला जुन्या ठाणे जिल्ह्यातच एक उत्तर मिळाले होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. बालविधवा असूनही शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. आई मजुरीला गेली, की धाकट्याला सांभाळणारी थोरली बहीण शाळेबाहेर राही. धाकट्याची सोय झाली, तर आईचे काम आणि मुलीची शाळा दोन्ही साधे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. गावातल्या शिकलेल्या बाईला गावातच काम मिळाले. मात्र तिच्या हाती पडते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

दरम्यान नोंदवही मोबाइलमध्ये गेली. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल कमी क्षमतेचे होते आणि ॲप इंग्रजीत होते. तंत्रज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. नादुरुस्त मोबाइलचा खर्च आणि इंग्रजीचा अडसर त्यांनाच सोसावा लागत होता. जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थींच्या चेहऱ्याची ओळख पटवणेही त्यांच्याकडेच आले.

मुलाचे वजन, उंची, हजेरी आता लगेच दिल्लीत दिसते. शिक्षण आणि मोबाइल, दोन्ही सेविकेकडे आहेत. तरी तिला पूर्ण कामगाराचा दर्जा नाही. शिवाय अंगणवाडी काही तासच भरते, तर खडवलीहून ठाण्याला नोकरीला जाणाऱ्या आईचा अख्खा दिवस बाहेर जातो. अंगणवाडीला पाळणाघर जोडणारी केंद्राची ‘पाळणा’ योजना २०२२ मध्ये आली, म्हणजे कोसबाडनंतर पासष्ट वर्षांनी. ती गावोगाव पोचायची, तर आधी सेविकेला पगार द्यावा लागेल.