‘सर, तयारी नाही’ : कॉलेजच्या मुलांसाठी मानसिक मदत कशी सुरू झाली?

परीक्षेच्या दिवसांत दवाखान्यात येणारी मुलं बहुधा डोकेदुखी किंवा पोटदुखी सांगतात. खरी गोष्ट निघते ती खुर्चीवरून उठताना. "डॉक्टर, अजून एक विचारू?" अशा वेळी मला क्लिफर्ड बिअर्स आठवतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकणारा हा मुलगा. १८९४ मध्ये त्याच्या मोठ्या भावाला फिट्स येऊ लागल्या. उद्या आपल्यालाही असंच होणार, ही भीती क्लिफर्डच्या मनात बसली. ती घरात नाही, वर्गात उफाळून यायची. सरांनी उत्तर विचारलं की आता सगळ्यांसमोर फिट येणार, असं त्याला वाटे. एकदा तर वर्ग सोडून जावंसं वाटलं.

पुढे त्याने प्राध्यापकांना आपली अडचण सांगितली आणि त्यांनी ती समजूनही घेतली. नाव पुकारलं की त्याने ‘तयारी नाही’ एवढंच म्हणायचं. अभ्यास बहुतेक वेळा झालेला असे! शिक्षणाचा जवळजवळ दोन-तृतीयांश काळ त्याने असाच काढला आणि १८९७ मध्ये पदवी घेतली.

मला इथे थांबावंसं वाटतं. प्राध्यापक भले होते, पण त्याला वर्गात उत्तर न देण्याची सवलत मिळाली, भीतीवर उपचार मिळाले नाहीत. पाठवायचं म्हटलं तरी कॉलेजात त्यासाठी माणूसच नव्हता. भावाचा आजार मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठीमुळे होता, असं डॉक्टरांनी शेवटी ठरवलं. तोवर सहा वर्षं गेली होती. ज्या फिटच्या भीतीने क्लिफर्डचं कॉलेज झाकोळलं, ती त्याला कधी आलीच नाही. पण १९०० मध्ये तो पूर्ण खचला आणि त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. तो वाचला. पुढची तीन वर्षं बहुतांश मनोरुग्णालयांत गेली. तिथे त्याने मारही खाल्ला.

हे सगळं त्याने १९०८ मध्ये ‘ए माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ या पुस्तकात स्वतःच्या नावानिशी लिहिलं. त्या काळात हे धाडसच. पुढच्याच वर्षी त्याने मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. १९१० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात डॉ. स्ट्युअर्ट पॅटन यांनी विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. अमेरिकेतली ही पहिली सेवा मानली जाते. हुशार मुलं अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे, तर मनाच्या त्रासामुळे कॉलेज सोडतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बिअर्सच्या येलमध्ये अशी सोय झाली ती १९२०च्या दशकात. बिअर्स स्वतः मात्र कायमचा बरा झाला नाही. १९४३ मध्ये तो वारला तेव्हाही मनोरुग्णालयातच होता. त्याच्या कामाचं मोल त्याने कमी होत नाही.

आपल्याकडे हे फार उशिरा आलं. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते जुलै २०२५ मध्ये. पण काउन्सेलरच्या खोलीबाहेर मुलं घुटमळतात ती वेगळ्याच प्रश्नामुळे : "घरी कळेल का?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तुम्ही १८ वर्षांचे झाला असाल, तर डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय आईवडिलांना किंवा प्राचार्यांना सहसा काही सांगू शकत नाहीत. जिवाला धोका असेल, तर मात्र अपवाद.

कॉलेजात कुणाशी बोलणं नकोच वाटत असेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.