दहा राग, तीन यंत्रं

‘ॲसिड हाऊस’ नावाचं नृत्यसंगीत शिकागोत नाही, आपल्या मुंबईत जन्मलं, असं छातीठोकपणे सांगणारा एखादा तरी हल्ली भेटतोच. पुरावा म्हणून तो लगेच मोबाइलवर एक रेकॉर्ड लावून दाखवतो : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजीत सिंग, कंपनी एचएमव्ही, ध्वनिमुद्रण १९८२चं. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ बाजारात आली १९८७ साली. म्हणजे आपण पाच वर्षं आधी. पुरावा अस्सल आहे, निष्कर्ष मात्र पुष्पक विमानाच्या जातीचा. ही रेकॉर्ड शिकागोत कुणी ऐकलेलीच नव्हती. मुंबईतसुद्धा फारशी कुणी ऐकली नव्हती.

तरी दोन्हींच्या चेहऱ्यातलं साम्य नाकारता येत नाही. ते आलं कुठून, हे शोधायचं तर माणसांच्या आधी यंत्राची चौकशी करावी लागते.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१च्या अखेरीस ‘टीबी-३०३’ हा चंदेरी प्लास्टिकचा छोटा डबा काढला. घडवणारा तादाओ किकुमोतो. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला बेसची साथ मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू. आत सोळा घरांचं चक्र. एकेका घरात सूर भरायचा, कुठे जोर द्यायचा आणि कुठे एका सुरावरून पुढच्यावर घसरत जायचं ते सांगायचं, की डबा तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत बसतो. वर गोल बटणं. त्यातलं एक पिळलं की आवाजातली धार कमी-जास्त होते, दुसरं पिळलं की तोच आवाज ओला फुगा चोळल्यासारखा कुंईकुंई करायला लागतो. खऱ्या बेस गिटारशी त्याचं काडीचं साम्य नव्हतं. त्यात सूर वेगळे आणि त्यांची लांबी वेगळी भरायची, त्यामुळे गिटारवाले वैतागले. दहाएक हजार नग काढून १९८४ मध्ये कंपनीने तो बंद केला. मग हे डबे जुन्या मालाच्या दुकानांत पडेल भावात मिळू लागले आणि असाच एक शिकागोच्या त्या पोरांच्या हाती लागला. त्यांना तो नीट चालवता येत नव्हता. ती नुसती बटणं पिळत राहिली आणि त्यातून जे निघालं त्याचं नाव ‘ॲसिड’ पडलं.

चरणजीत सिंग यांच्याकडे तो नवाकोरा आला होता. सिंगापूरहून आणलेला. सोबत त्याच कंपनीचं ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘ज्युपिटर-८’ हा भारी सिंथेसायझर. सिंग कुणी प्रयोगशाळेतले संगीतकार नव्हते. राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत गिटार, बेस, कळांची वाद्यं वाजवणारे ते स्टुडिओतले वादक. शिवाय लग्न-पार्ट्यांना स्वतःचा ऑर्केस्ट्रा, त्यात पत्नी सुपर्णा गायच्या. अशा वादकांचा आणखी एक जोडधंदा होता : गाजलेली सिनेगीतं वाद्यांवर वाजवून त्यांच्या एलपी काढणं. विविध भारतीवर कार्यक्रम लवकर संपला आणि बातम्यांना दोन मिनिटं उरली की जी ‘फिल्मी धून’ लागायची, तो हा माल. वादकाचं नाव बहुधा सांगितलं जात नसे. आपल्याकडच्या कित्येकांनी सिंथेसायझर पहिल्यांदा ऐकला तो असा, न्याहारी करता करता, नाव-गाव न कळता. आपल्याकडचं भूमिगत संगीत कुठल्या तळघरात नव्हतं, ते दोन कार्यक्रमांच्या फटीत होतं.

‘दहा राग’ हा त्याच धंद्यातला पुढचा माल आहे. भविष्यवाणी वगैरे नाही. तेव्हा डिस्कोची हवा होती : ‘कुर्बानी’ १९८०ची, नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ १९८१ची, ‘डिस्को डान्सर’ १९८२ची. सगळ्यांनी डिस्कोत गाणी घातली, सिंग यांनी राग घातले आणि तबला काढून टाकला. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मैफलीला बसणारा मराठी श्रोता इथेच अडखळेल, कारण त्याच्या हिशेबाने भैरवी झाली की चपला शोधायच्या. इथे सुरुवातच भैरवीने.

आता साम्याचं कारण. पाश्चात्त्य नाचगाण्यात बेस हा सुरांच्या बदलत्या गुच्छांमागे, म्हणजे कॉर्डमागे धावत असतो. कॉर्ड बदलली की बेसने घर बदललंच पाहिजे. रागाला कॉर्डच नसते. षड्ज जागचा हलत नाही, तानपुरा तेच बोलत राहतो. जी हालचाल व्हायची ती त्या मुक्कामावर उभं राहून. तेव्हा सोळा घरांत कलावतीचे पाच सूर, सा ग प ध आणि कोमल नि, भरून डबा सोडून दिला तर तो रागाबाहेर जाऊच शकत नाही. पुन्हा पुन्हा तेच वाजवणं, हा गिटारवाल्याच्या दृष्टीने यंत्राचा दोष. रागाच्या दृष्टीने ती सोय. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची जी कळ किकुमोतोने बेससाठी ठेवली होती, तिच्यात मींडेची पुसट का होईना, सावली सापडते. शिकागोच्या पोरांनीही कॉर्ड टाकून दिली, पण वेगळ्या कारणाने : रात्रभर नाचणाऱ्यांना गाणं संपायला नको होतं. दोन वाटांनी आलेली माणसं एकाच डब्यापाशी, एकाच निश्चल सुरावर येऊन थांबली. फरकही ऐकू येतो. शिकागोत सूर मोजके आणि बटणं सतत फिरती. सिंग यांचं लक्ष मुख्यतः सुरांवर, कारण राग चुकला असता तर मुंबईत हसं झालं असतं.

जपानी घरगुती वाद्याने मुंबईत येऊन भलतंच रूप घेण्याची ही पहिली वेळही नव्हती. वाकोल्यात दत्त मंदिर रोडवरून जुहूकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीत ट्रकवर जो बेंजो वाजतो, त्याचा अमेरिकन बॅन्जोशी फक्त नावापुरता संबंध. नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ बनवलं : लांबट पेटी, तारा, आणि त्यांवर टाइपरायटरसारख्या कळा. घरबसल्या शिकता यावं म्हणून. इकडे ते ‘बुलबुल तरंग’ झालं. मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायरला जोडला आणि ताशा-ढोलकीच्या वर चढेल असा कर्कश गोड आवाज काढला. वादकाचा डावा हात कळांवर इतक्या वेगाने पळतो की उजव्या हातातली नखी दिसेनाशी होते. पुढे त्याच ट्रकवर रोलँडचाच ऑक्टोपॅड चढला. सिंग यांचे राग मला शिकागोपेक्षा या ट्रकच्या जवळचे वाटतात. एकट्यादुकट्याने घरात वाजवायची वस्तू घ्यायची आणि तिला गर्दीत उभी करायची, ही मुंबईची जुनी खोड.

रेकॉर्ड पडली, हे वेगळं सांगायला नको. शास्त्रीयवाल्यांना तिच्यात डिस्को खटकला, डिस्कोवाल्यांना गाणं सापडलं नाही. सिंग पुन्हा लग्नांच्या कामाला लागले. २००२ मध्ये एदो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. ते वर्षच तसं होतं. अमेरिकेत ट्रुथ हर्ट्सचं ‘ॲडिक्टिव्ह’ गाजत होतं, ज्यात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातला लताबाईंचा आवाज न विचारता उचलला होता आणि ज्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. जुन्या हिंदी तबकड्यांत सँपलसाठी काय दडलंय याचा शोध जगभर चालला होता. बौमनने पुढे सिंग यांना मुंबईत गाठलं आणि २०१०मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या कंपनीतर्फे रेकॉर्ड पुन्हा काढली. काहींना ती चक्क बनावट वाटली. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराने जुन्या नावाखाली गंमत केली असणार, अशी कुजबुज झाली. गंमत करणाऱ्याने ललित आणि तोडी इतके वेगळे ठेवले असते का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

मग सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन तेच राग तरुणांच्या गर्दीपुढे वाजवू लागले. तीस वर्षांनी का होईना, ज्यांना नाचायचं होतं ते समोर होते. जुलै २०१५ मध्ये ते गेले. तोवर अडगळीतल्या त्या चंदेरी डब्याची किंमत लाखांत गेली होती.

ऐकायचंच असेल तर भैरवीपासून सुरुवात करू नका, कलावती लावा. बेस ऐकू येईल असा स्पीकर हवा, फोनवर अर्धी गंमत जाते. त्यानंतर ‘ॲसिड ट्रॅक्स’ लावा, अकरा मिनिटांहून मोठी आहे. आधी कोण, हा वाद तेवढा वेळ बाजूला ठेवता आला तर बरं.