बाळंतपणाची रजा कोणाच्या खिशातून?

मी मावळातल्या बचत गटांची सहयोगिनी. आज बाळंतपणाच्या रजेविषयी बोलायचं आहे. ही रजा आली कुठून, तिच्यासाठी कोण भांडलं, आणि आज लोणावळा-तळेगाव पट्ट्यात तिचं नाव काढलं की मालक लोक का दचकतात, हे जरा मागे जाऊन पाहू.

मागे म्हणजे थेट आपल्या घाटातच. बोरघाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली. काम भरात असताना चाळीस हजारांवर माणसं डोंगर फोडत होती. त्यात बायाही होत्या, सुरुंगाने फुटलेला दगड आणि माती पाट्यांतून वाहायला. पटकीने, तापाने, अपघाताने हजारो माणसं गेली. आणि गंमत बघा, या कामाचा ठेका शेवटी एका बाईनेच पुरा केला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. मालकीण बाई होती म्हणून पाटी वाहणारीला बाळंतपणात बसून मजुरी मिळाली असं मात्र नाही. तेव्हा तशी कल्पनाच नव्हती. खाडा तो खाडा.

रेल्वे झाली आणि घाटावरची, कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. बायाही गेल्या. नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला मोठी सभा झाली, तिथे दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. आपल्यातल्या कितीजणींना अजून ग्रामसभेत माईक हातात घ्यायला धीर होत नाही, म्हणून मला त्या दोघींचं फार कौतुक वाटतं. पुढच्या वर्षीच्या कायद्याने बायकांचे कामाचे तास अकरावर आणले. पण बाळंतपणाबद्दल त्यात काही नव्हतं.

१९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला जगभरच्या कामगार प्रश्नांवर परिषद भरली. बाईला बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांती मिळावी, आणि त्या काळात तिच्या पोटापाण्याची सोय व्हावी, असं तिथे ठरलं. भारतातल्या कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी तिथे हजर होते. परत आल्यावर त्यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात तसं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं.

त्याच सुमारास मुंबई सरकारने गिरणीतल्या बायांची स्थिती पाहायला एका डॉक्टर बाईंना नेमलं. त्यांच्या पाहणीतली एक गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा आला. आई पाळीवर गेली की बाळ रडू नये, झोपून राहावं, म्हणून जवळजवळ प्रत्येक घरी त्याला अफूची गोळी देत. दुष्टपणा नव्हता त्यात. घरी बसलं तर मजुरी बुडते आणि कामावर गेलं तर बाळ कोणाकडे ठेवायचं, एवढाच पेच होता.

मग १९२८ साल आलं. मुंबई कायदेमंडळात असवले यांनी बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. मालकांच्या बाजूचं म्हणणं ठरलेलं होतं, की हा खर्च धंद्याला झेपणार नाही. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने बोलले. तळेगाव दाभाड्याचा त्यांचा बंगला आपल्यापैकी अनेकींनी पाहिला आहे, पण हे भाषण फार थोड्या जणींना माहीत असतं. त्यांचा मुद्दा असा होता: आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात साऱ्या देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक मोकळा सुटत नाही. तो बायांना कामावर ठेवतो, कारण त्या कमी मजुरीत मिळतात. त्यातून त्याला नफा होतो, तर बाळंतपणाचा वाटाही त्याने द्यावा.

१९२९ मध्ये कायदा झाला, देशातला पहिलाच. रोज आठ आणे, तेही मोजके आठवडे, आणि फक्त कारखान्यांतल्या बायांना. एवढंसं का होईना, पण दार उघडलं.

आता पुढचं मला स्पष्ट सांगितलंच पाहिजे. नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायांचं प्रमाण घटत गेलं. हा कायदा हे त्याचं एकच कारण नव्हतं. नवी यंत्रं आली, बायकांना रात्रपाळीची बंदी होती, दोन-तीन पाळ्या सुरू झाल्या. पण जिला ठेवली तर खर्च पडतो तिला ठेवूच नका, हा हिशेबही त्यात होता. लोणावळ्यातल्या एका छोट्या हॉटेलच्या मालकांनी गेल्या वर्षी मला हेच विचारलं: "ताई, सहा महिने घरी बसून पगार द्यायचा तर मी बाई ठेवू कशाला?" माणूस वाईट नव्हता. प्रश्न जुना होता.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये साऱ्या देशासाठी मातृत्व लाभ कायदा झाला, बारा आठवड्यांच्या रजेचा. आधी त्यासाठी वर्षात १६० दिवस काम लागायचं, १९८८ मध्ये ते ८० दिवसांवर आलं. दिल्ली महापालिकेने रोजंदारीवरच्या बायांना हा लाभ नाकारला होता, त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि ८ मार्च २००० रोजी जिंकल्या. हजेरीपटावरची बाई कायम नसली तरी आईच असते, हे तेव्हा कायद्याच्या भाषेत मान्य झालं. १ एप्रिल २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या खेपेला बाराच आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा सगळा भाग नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. कायद्याचं नाव बदललं, २६ आठवडे तेच राहिले. कोणी मालक "जुना कायदा रद्द झाला" म्हणून सांगू लागला, तर हे लक्षात ठेवा.

त्या हॉटेलवाल्या दादांना मी जे सांगितलं ते आता सांगते. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामगाराचं नाव ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, घालावंच लागतं. मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के, बाईची पाऊण टक्का. १२,००० पगार धरला तर मालकाचे महिना ३९० आणि बाईचे ९० रुपये. बाळंतपणाचे २६ आठवड्यांचे पैसे मग महामंडळ देतं, मालकाच्या गल्ल्यातून जात नाहीत. पुरुष कामगारांचीही वर्गणी याच पेटीत पडते, त्यामुळे बाई ठेवली म्हणून वेगळा भुर्दंड नाही. बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं पुरं नाही, पण अर्धं उत्तर इथे आहे. दादा कागदावर आकडे मांडून बराच वेळ बघत बसले.

एक अडचण आहे. सहा-सहा महिन्यांच्या मागच्या दोन खेपांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सातवा महिना लागल्यावर नाव घालायला पळून उपयोग नाही. नाव पहिल्या दिवशीच घालायचं.

ईएसआय नसेल तिथे पैसे मालकानेच द्यायचे. बाळंतपणाआधीच्या काळाचे आगाऊ, आणि उरलेले, बाळंत झाल्याचा दाखला दिल्यावर ४८ तासांत. पावसाळ्याच्या हंगामापुरत्या बाया ठेवून ८० दिवस भरायच्या आत काढायच्या, असा प्रकारही मी पाहिला आहे. आणि दिवस गेलेत म्हणून काढलं, तरी जिचा हक्क झालेला आहे तिचा तो बुडत नाही. म्हणून हजेरीचा फोटो दर महिन्याला मोबाईलमध्ये काढून ठेवा. भांडायची वेळ आली की तोच उपयोगी पडतो.

बंगल्यावर एकटीच स्वयंपाक करणारी, इंद्रायणीची लावणी करायला जाणारी, या बाया मात्र आजही या सगळ्याच्या बाहेर आहेत. त्यांना मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. बोरघाटात पाटी वाहणारीपेक्षा त्या फार पुढे आल्या असं मला म्हणवत नाही.

आता आपलंच. चिक्की भरणारे, पापड-मसाले करणारे आपले काही गट आता दुसऱ्या बायांना रोजाने लावतात. म्हणजे तिथे मालक आपणच. एका गटात मी विचारलं, "तुमच्याकडची बाई बाळंतपणाला गेली तर?" अध्यक्षताई म्हणाल्या, "दुसरी बघू." मग सगळ्या गप्प झाल्या, कारण त्यातल्या दोघींना कधीकाळी याच उत्तरावर काम सोडावं लागलं होतं. त्या गटात चौदाजणी कामाला आहेत. त्यांनी ठरावाच्या वहीत लिहिलं: ईएसआयची नोंदणी करायची, कामावर घेतानाच रजेची माहिती लेखी द्यायची, आणि ती मराठीत भिंतीवर लावायची. दहाच्या आत माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर ईएसआयमध्ये जाता येतं, अशी सोय संहितेत आहे.

ज्या गटांकडे रोजाने बाया आहेत, त्यांनी पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला हजेरीपत्रक आणि मजुरीचं रजिस्टर घेऊन यावं. नोंदणीचा अर्ज आपण तिथेच बसून भरू.