तंजावरचे मोडी कागद आणि संगणकाची रोजची परीक्षा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडावर उमटलेले ते अक्षर दोन शतकांनंतरही जागचे हललेले नाही. त्याच शहरातील सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तमिळ विद्यापीठात मराठी दरबाराचे मोडी कागद जपलेले आहेत. ते वाचू शकणारे मात्र थोडेच उरले आहेत. हा मजकूर संगणकावर मोडीतच उतरवायचा, तर त्याला दगडाचा आधार नाही. तो सतत बदलत्या आज्ञावलीवर टिकवावा लागतो. अशा आज्ञावलीवर अक्षर कसे टिकते, याची कथा ‘हार्फबझ’ या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या चाचण्यांच्या इतिहासात सापडते.

संगणक ‘क्ष’ हे जोडाक्षर साठवतो ते क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांच्या रूपात. त्यांची एक आकृती करणे, वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेणे, रफार योग्य जागी चढवणे, ही सारी अक्षरजुळणी निराळी आज्ञावली करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांत हे काम हार्फबझकडे आहे. बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख रचनाकार. फारसी ‘हर्फ-ए-बाझ’ म्हणजे खुले अक्षर. मराठीतला ‘हरफ’ तो हाच.

भारतीय लिप्यांच्या जुळणीत एक मोठी अडचण असते. बंगालीतील दोष दुरुस्त करावा, तर तमिळ बिघडते. तमिळ सावरावी, तर मल्याळम ढळते. सगळ्या लिप्या वाचू शकणारा एकच माणूस मिळणे अशक्य. म्हणून 2012 च्या सुमारास हार्फबझच्या रचनाकारांनी विकिपीडियाच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्यांमधून शब्दांच्या याद्या काढल्या. देवनागरीचे 7 लाखांहून अधिक आणि तमिळचे 10 लाखांहून अधिक शब्द त्यांत होते. प्रत्येक शब्द हार्फबझकडून आणि विंडोजमधील ‘युनिस्क्राइब’कडून जुळवून घ्यायचा आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहायची, अशी ही परीक्षा होती. आज्ञावलीतील बदलांच्या नोंदींत कोणत्या लिपीचे किती शब्द जुळले नाहीत, याचे आकडे लिहिले जात. देवनागरीत अशा शब्दांची संख्या शंभराच्या आत आली. उरलेला प्रत्येक फरक ही हार्फबझची चूक होती, असेही नाही. काही ठिकाणी विंडोजचीच रीत सदोष ठरवून ती जाणीवपूर्वक सोडण्यात आली.

एवढी मोठी तुलना प्रत्येक बदलाच्या वेळी हाताने करणे शक्य नव्हते. म्हणून प्रकल्पातच छोट्या चाचण्यांचा साठा वाढत गेला. त्यातील एका ओळीत चार गोष्टी असतात: फॉन्टचा नेमका लागणारा तुकडा, जुळणीचे पर्याय, अक्षरांचे संकेत आणि अपेक्षित आकृत्या त्यांच्या जागांसह. एखादा दोष सापडला, की त्याची अशी ओळ लिहिली जाते आणि तो पुन्हा शिरला, तर यंत्र तत्काळ थांबवते. पुढे बदल दाखल होताच लिनक्स, विंडोज आणि मॅकओएसवर या चाचण्या आपोआप धावू लागल्या. 2016 च्या डिसेंबरात गूगलने ‘ओएसएस-फझ’ ही सेवा जाहीर केली. तिच्यामार्फत मुद्दाम बिघडवलेले फॉन्ट हार्फबझला अखंड पुरवले जातात आणि स्मृतिव्यवस्थापनातील घातक चुका उघड होतात. 2020 मध्ये बांधणीसाठी ‘मेसॉन’ ही नवी व्यवस्था आली. त्याच वर्षी ‘ट्रॅव्हिस सीआय’ या चाचणीसेवेने मुक्तस्रोत प्रकल्पांना मिळणारी मोफत सवलत आखडती घेतली आणि जगभरच्या अनेक प्रकल्पांना आपला चाचणीसंसार दुसरीकडे हलवावा लागला. चाचणीची यंत्रणा एकदा उभारून भागत नाही, तिचेही नूतनीकरण करत राहावे लागते, हा त्या वर्षाचा धडा होय.

मोडी या व्यवस्थेत उशिरा आली. अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावावरून 2014 च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिची 79 चिन्हे दाखल झाली. 2015 मध्ये हार्फबझने ‘युनिव्हर्सल शेपिंग इंजिन’ ही सर्वसमावेशक रीत स्वीकारली आणि मोडीसारख्या अनेक लिप्यांना एकाच चौकटीत जागा मिळाली. मात्र देवनागरी आणि तमिळ यांची परीक्षा ज्या शब्दराशीवर झाली, तशी शब्दराशी मोडीपाशी नाही. मोडीत लिहिलेला विकिपीडिया नाही. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली लिहायचे, स्वर व्यंजनात मिसळून त्याचे रूपच पालटायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा ठेवायचा नाही, ही मोडीची वळणे जुन्या कागदांवर आहेत. चाचणीच्या ओळींत ती आपोआप येत नाहीत.

येथे यंत्राची मर्यादा दिसते. ‘अपेक्षित’ म्हणून जे लिहून दिले, तेवढेच चाचणी राखते. जे कोणी लिहून दिले नाही, ते बिघडले तरी निकाल उत्तीर्ण असाच येतो. मराठी वाचकाला देवनागरीतील चूक दिसताक्षणी खटकते आणि तक्रार होते. मोडीतील चूक खटकण्यासाठी मोडी रोज वाचणारा डोळा हवा, आणि नेमका तोच दुर्मिळ झाला आहे.

सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा केला. खिळे जुळवल्यावर मुद्रित तपासणारा जाणकार लागतच असे. तो जाणकार आजही लागतो. फरक इतकाच, की त्याचे ज्ञान एकदा चाचणीच्या ओळीत उतरले, की ते त्याच्या पश्चातही पहारा देते. देवस्थानांचे, छत्रांचे, दरबारी जमाखर्चाचे मोडी कागद तंजावरात आहेत. त्यांतील शब्द वाचून, त्यांची शुद्ध वळणे ठरवून ती या साठ्यात घालणे, हे काम मोडी वाचणारी पिढी आहे तोवरच होऊ शकते.

#मोडीलिपी #तंजावर #मुक्तस्रोत