बिनबियांची लिंबूवर्गीय फळे
फलन न होताही अंडाशय वाढून फळ धरण्याच्या क्रियेला अनिषेकफलन म्हणतात; लिंबूवर्गातील बहुतेक बिनबियांच्या जाती तिच्यामुळेच संभवतात. ब्राझीलमधील बाहिया येथील नेव्हल संत्र्यात सक्षम परागकण तयार होत नाहीत व बीजकेही बहुधा निकामी असतात. क्लेमेंटाइन मात्र स्वतःच्या परागाने फलित होत नाही एवढेच, त्यामुळे शेजारी दुसरी जात असून मधमाश्यांची ये-जा झाली की त्यात बिया भरतात.

अशा झाडांची अभिवृद्धी डोळा भरून करतात : जंबेरीसारख्या खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाड रोपावर टी अक्षराच्या आकाराची चीर देऊन, साल अलगद उचलून, तीत निवडक झाडाचा डोळा सरकवतात, पट्टीने घट्ट बांधतात आणि डोळा फुटल्यावर खुंटाचा वरचा भाग छाटतात. खुंटाची रोपे मात्र बियांपासूनच होतात, कारण जंबेरीच्या एका बीत अनेक भ्रूण असून त्यांतील बहुतेक मातृवृक्षाची हुबेहूब आवृत्ती असतात. कॅलिफोर्नियातील नेव्हलच्या विस्तीर्ण बागा १८७३ च्या सुमारास रिव्हरसाइड येथे एलायझा टिबेट्स यांनी लावलेल्या मोजक्या झाडांच्या डोळ्यांपासून वाढल्या. डोळ्यांवाटे ट्रिस्टेझासारखे विषाणूही पसरतात, म्हणून ते रोगमुक्त ठरलेल्या मातृवृक्षांवरूनच घ्यावे लागतात.