फनारची घरे

इस्तंबूल शहरात ‘सुवर्णशृंग’ नावाची खाडी आहे. तिच्या दक्षिण काठच्या चढणीवर फनार ही जुनी ग्रीक वस्ती. तुर्क लोक तिला फेनेर म्हणतात. सुमारे १६०० सालापासून ऑर्थोडॉक्स पंथाच्या मुख्य धर्मगुरूंचे पीठ इथेच आहे.

या पीठाभोवती धनवान ग्रीक घराणी नांदली. सुलतानाचे दुभाषे त्यांच्यातलेच. १७११ नंतर मोल्डेव्हियाचे आणि पुढे वालाशियाचेही राज्यकारभारी तेच! पण १८२१ साली ग्रीकांनी बंड केले आणि पंचम ग्रेगरी या धर्मगुरूंना पीठाच्याच दरवाजात फाशी दिले गेले. तो दरवाजा तेव्हापासून बंद आहे.

वस्ती मात्र टिकली. चिंचोळ्या रुंदीची, पुढे सज्जे काढलेली विटांची घरे उठली. मग १९४२चा जबर संपत्तिकर, १९५५ची दंगल, १९६४ची हद्दपारी. बहुतेक ग्रीक निघून गेले. त्यांच्या घरांत अनातोलियातून पोटासाठी आलेली माणसं राहू लागली. दुरुस्तीला पैसा कुठला?

२००३ ते २००८ या काळात युरोपीय संघाच्या मदतीने शंभरावर इमारती सावरल्या. पुढे पालिकेने मोठ्या पुनर्बांधणीची योजना आखली. रहिवासी कोर्टात गेले आणि २०१२ साली ती रद्द झाली.

घर नटलं की भाडं चढतं, आणि गरीब बाहेर पडतो. पण ग्रीक गेल्यावर या घरांत दिवा लावला तो या गरिबांनीच. जीर्णोद्धार करताना भिंतींबरोबर त्यांचाही विचार व्हायला हवा, नाही का?